जुन्या वस्तू ऑनलाइन विकताय? कर कुठे लागतो, कुठे नाही आणि रिटर्नमध्ये काय दाखवायचं

आयकर कायद्यात ‘छंद’ असा रकाना नाही. पगार, घरापासूनचं उत्पन्न, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न अशी पाच शीर्षकं आहेत. हातात आलेला पैसा यांपैकी एखाद्यात बसतो, नाहीतर तो उत्पन्नच नसतो. घरातल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या बहुतेकांचा पैसा या ‘नाहीतर’मध्ये मोडतो. पण सगळ्यांचा नाही, आणि गोंधळ होतो तो नेमका तिथेच.

किती रुपये आले यावरून कर ठरत नाही. वस्तू घरात कशासाठी आली होती यावरून ठरतो. वापरायला आणलेली ७०,००० ची सायकल ४०,००० ला विकली तर कर शून्य. विकायचीच म्हणून ४,००० ला उचललेली जुनी सायकल ५,५०० ला विकली तर मधले १,५०० धंद्याचं उत्पन्न. रक्कम लहान आहे म्हणून दुसरी सायकल सुटत नाही आणि मोठी आहे म्हणून पहिली अडकत नाही.

कायद्याविषयी एक खुलासा आधीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘आर्थिक वर्ष-कर आकारणी वर्ष’ या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’ आलं. २०२५-२६ या वर्षाचं रिटर्न मात्र १९६१ च्या कायद्यानेच भरायचं आहे. म्हणून खालची कलमं, दर आणि मर्यादा त्या वर्षासाठीच्या, जुन्या कायद्याच्या क्रमांकांनी दिल्या आहेत.

पायरी १: वस्तूंचे तीन ढीग करा

विक्रीला काढायच्या वस्तू मनातल्या मनात तीन ढिगांत टाका.

पहिल्या ढिगात स्वतःच्या किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या वापरातल्या वस्तू: फर्निचर, कपडे, मोबाइल, फ्रिज, सायकल, घरची गाडी, मुलांची खेळणी.

दुसऱ्या ढिगात दागिने, चित्रं, शिल्पं, इतर कलाकृती आणि पुरातत्त्वीय संग्रह. या वस्तू वापरातल्या असल्या तरी कायदा त्यांना वेगळं काढतो.

तिसऱ्या ढिगात विकण्यासाठीच घेतलेल्या वस्तू.

एकच माणूस तिन्ही ढिगांत असू शकतो, आणि एकाच साइटवरच्या एकाच खात्यातून तिन्ही प्रकारच्या वस्तू विकू शकतो. साइटला त्यातलं काही कळत नाही, तिला सगळी विक्री सारखीच. फरक दाखवण्याची जबाबदारी तुमची.

पायरी २: पहिला ढीग, म्हणजे जिथे कर नाही

कलम २(१४) मध्ये ‘भांडवली मालमत्ते’ची व्याख्या आहे. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू, कपडे आणि फर्निचर धरून, त्या व्याख्येतून बाहेर ठेवल्या आहेत. मालमत्ताच नाही म्हटल्यावर भांडवली नफा नाही. म्हणून जुना सोफा खरेदीपेक्षा जास्त किमतीला गेला तरी कर नाही. मर्यादित आवृत्तीचं खेळणं किंवा बाजारातून गेलेलं कॅमेऱ्याचं मॉडेल कधीकधी असं महाग विकलं जातं.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. १२ लाखांची गाडी ५ लाखांना गेली, तर ते ७ लाखांचं नुकसान रिटर्नमध्ये कुठेच वजा होत नाही. साइटचं कमिशन आणि कुरिअरचा खर्चही नाही. नफ्यावर कर नाही, तशी तोट्यावर सवलतही नाही. ही रक्कम रिटर्नमध्ये दाखवावी लागत नाही, करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यातही नाही, कारण ती मुळात उत्पन्न नाही.

या ढिगात तीन ठिकाणी घसरायला होतं.

पहिलं, धंद्यासाठी वापरलेली वस्तू. क्लिनिकच्या हिशेबात घेतलेली गाडी किंवा घसारा लावलेला लॅपटॉप वैयक्तिक वस्तू राहत नाही. विक्रीची रक्कम त्या गटाच्या (एकाच दराने घसारा लागणाऱ्या सारख्या वस्तूंच्या) घसारा वजा जाता उरलेल्या किमतीतून कमी करावी लागते, आणि ती किंमत ओलांडून रक्कम आली तर कलम ५० प्रमाणे अल्पकालीन भांडवली नफा होतो. ४४एडीए खाली ढोबळ अंदाजाने रिटर्न भरणारे फ्रीलान्सर म्हणतात, “आम्ही तर घसारा घेतलाच नाही.” कायदा मात्र तो दरवर्षी मिळाल्याचं धरून चालतो. तीन वर्षं कामाला वापरलेला लॅपटॉप विकताना हे ध्यानात ठेवा.

दुसरं, रोख रक्कम. कलम २६९एसटी प्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. हा नियम वैयक्तिक वस्तूंनाही लागू आहे. घरची गाडी २,४०,००० ला ठरली, घेणाऱ्याने शनिवारी १,५०,००० आणि रविवारी ९०,००० रोख आणून दिले, तरी व्यवहार एकच. दिवस वेगळे केले म्हणून सुटका नाही. कलम २७१डीए खालचा दंड घेतलेल्या रकमेइतका, म्हणजे इथे २,४०,०००, आणि तो पैसे देणाऱ्याला नाही तर पैसे घेणाऱ्याला, म्हणजे गाडी विकणाऱ्याला. ज्या विक्रीवर एक रुपया कर नव्हता तिच्यात आख्खी गाडी दंडात जाऊ शकते. बँकेतून किंवा यूपीआयने पैसे घ्या, विषय संपला.

तिसरं म्हणजे ‘वैयक्तिक वापर’ या शब्दांचा सैल अर्थ. महाराजा राणा हेमंतसिंहजी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली हा अर्थ आवळला. सोन्याच्या मोहरा, चांदीची नाणी आणि चांदीच्या लगडी लक्ष्मीपूजनात मांडल्या जात, म्हणून त्या वैयक्तिक वापराच्या, असा दावा होता. न्यायालयाने तो मानला नाही. वस्तूचा माणसाच्या नेहमीच्या वापराशी जवळचा संबंध हवा, वर्षातून एकदा पाटावर मांडली म्हणून ती वापरातली होत नाही. वर्षानुवर्षं पाकिटात जपलेली जुनी नाणी किंवा तिकिटं विकणाऱ्यांनी हा निकाल आठवावा. असा संग्रह पहिल्या ढिगात टाकण्यापेक्षा दुसऱ्यात धरून हिशेब केलेला बरा. वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल (हस्तलिखितं वगैरेंसाठी ७५ वर्षं), तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही मध्ये येतो. पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या ग्राहकाने चांगली किंमत सांगितली तरी पार्सल करू नका.

पायरी ३: दुसरा ढीग, म्हणजे दागिने आणि कलाकृती

दागिने ही भांडवली मालमत्ता आहे, मग ते रोज अंगावर असोत की लॉकरमध्ये. सोनं, चांदी, प्लॅटिनम यांचे अलंकार तर आलेच, पण फर्निचरमध्ये किंवा भांड्यात जडवलेली मौल्यवान रत्नंही कायद्याच्या लेखी दागिनाच. चित्रं, शिल्पं, कलाकृती आणि पुरातत्त्वीय संग्रह यांनाही हाच न्याय.

आधी वस्तू किती काळ जवळ होती ते पाहा. २४ महिन्यांपेक्षा जास्त असेल तर नफा दीर्घकालीन, कराचा दर १२.५ टक्के, आणि महागाई निर्देशांकाचा फायदा नाही. ही पद्धत २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला लागू आहे. कमी काळ असेल तर नफा अल्पकालीन, आणि तो पगारात मिळवून नेहमीच्या स्लॅबप्रमाणे कर.

वारशाने, मृत्युपत्राने किंवा भेट म्हणून मिळालेल्या दागिन्यात आधीच्या मालकाचा काळ मोजला जातो आणि त्याचीच खरेदी किंमत धरली जाते. खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल, तर त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्या. जुन्या पावतीवरच्या १९८५ च्या भावापेक्षा तो कितीतरी जास्त असतो आणि कर तितका कमी होतो.

आकड्यांनी पाहू. आजीने १९८५ मध्ये केलेला हार नातीला मृत्युपत्राने मिळाला. १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन २०,००० रुपये. २०२५-२६ मध्ये विक्री ३,४०,००० ला. नफा ३,२०,०००. त्यावर १२.५ टक्क्यांनी ४०,०००, वर ४ टक्के उपकर १,६००. एकूण ४१,६०० रुपये. नातीचं पगाराचं करपात्र उत्पन्न ७ लाख आहे आणि ती नव्या करप्रणालीत आहे असं धरा. “१२ लाखांपर्यंत कर नाही ना?” असा प्रश्न इथे हमखास येतो. कलम ८७ए ची ती सूट पगारावरचा कर शून्य करते. विशेष दराने लागणाऱ्या या ४१,६०० ला ती लागू नाही. शिवाय नफा धरून एकूण उत्पन्न १२ लाखांपुढे गेलं, तर पगारावरच्या सुटीवरही परिणाम होतो. मोठा दागिना मार्चअखेर विकायचा की एप्रिलमध्ये, हे ठरवताना हा हिशेब आधी मांडा.

पायरी ४: तिसरा ढीग, म्हणजे विकण्यासाठी घेतलेलं

छंद आणि धंदा यांच्या मध्ये कायद्याने आकड्याची रेघ ओढलेली नाही. वर्षाला दहा वस्तू विकल्या तर छंद, अकरावीपासून धंदा, असं काही नसतं. १९५९ च्या जी. व्यंकटस्वामी नायडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फक्त पुन्हा विकण्याच्या हेतूने केलेला एकच व्यवहारही व्यापाराच्या स्वरूपाचा असू शकतो. ते प्रकरण जमिनीचं होतं, पण कसोटी सगळ्यांना लागू पडते.

अधिकारी हेतू ओळखतो तो खुणांवरून. एकाच प्रकारच्या अनेक वस्तू, खरेदी आणि विक्रीत थोडक्या दिवसांचं अंतर, विक्रीआधी दुरुस्ती किंवा रंगरंगोटी, उसने पैसे घेऊन केलेली खरेदी, जाहिरातीवर खर्च. एका वर्षात स्वतःचे दोन मोबाइल विकले तर कोणी विचारत नाही. चौदा विकले आणि त्यातले बारा विकण्याआधी महिनाभरात घेतलेले निघाले, तर “हे माझेच होते” हे उत्तर टिकणार नाही.

खऱ्या संग्राहकाचा धंदा सहसा हळूहळू सुरू होतो. आधी दुहेरी झालेल्या रेकॉर्ड विकल्या, मग त्या पैशातून विकण्याजोग्या रेकॉर्ड घेतल्या. अशा वेळी एक दिवस ठरवून आपल्या संग्रहाची फोटोंसह यादी करून ठेवा. त्या दिवसानंतर विकायला म्हणून आणलेली प्रत्येक वस्तू यादीबाहेरची, तिसऱ्या ढिगातली. दोन्हींसाठी विक्रीची वेगळी खाती ठेवता आली तर उत्तम.

धंद्याचं उत्पन्न मोजायला दोन वाटा आहेत. पहिली, प्रत्यक्ष हिशेब. समजा वर्षभरात जुने कॅमेरे विकून ४,२०,००० आले. खरेदी २,६०,०००, दुरुस्ती ३८,०००, साइटचं कमिशन २९,०००, कुरिअर आणि पॅकिंग २१,०००. नफा ७२,०००. तो आयटीआर-३ या रिटर्नच्या फॉर्ममध्ये दाखवायचा.

दुसरी वाट कलम ४४एडी ची. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी), तर बँकेतून आलेल्या विक्रीच्या ६ टक्के आणि रोख विक्रीच्या ८ टक्के नफा धरून आयटीआर-४ भरता येतो. वरच्या उदाहरणात ६ टक्के म्हणजे २५,२००. इथे बरेच जण खूश होऊन थांबतात. पण ६ टक्के ही किमान पातळी आहे. प्रत्यक्षात जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं, असं कलमातच आहे. हिशेबवही ठेवण्याचा त्रास वाचतो, ७२,००० चे २५,२०० होत नाहीत. दुसऱ्याच्या वस्तू कमिशनवर विकून देत असाल तर ४४एडी चालत नाही. आणि एकदा ही वाट धरून पुढच्या पाच वर्षांत मध्येच सोडली, तर त्यापुढे पाच वर्षं ती बंद.

वर्षाचा एकूण कर टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त निघत असेल तर आगाऊ कर भरायचा. ४४एडी वाल्यांनी तो एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरला तरी चालतो. सरकारी नोकरीत असाल तर हा ढीग सुरू करण्याआधी सेवा वर्तणूक नियम वाचा. तिथे परवानगीशिवाय व्यापाराला मनाई असते, आणि ती अडचण कर भरून सुटत नाही.

पायरी ५: जीएसटी फक्त तिसऱ्या ढिगाला

जीएसटी धंद्याच्या ओघात केलेल्या पुरवठ्यावर लागतो. घरातला फ्रिज विकणं धंदा नाही. जुने दागिने सराफाला विकणाऱ्या सामान्य माणसाला हा कर लागत नाही, असा खुलासा सरकारने जुलै २०१७ मध्येच केला होता. जुन्या गाड्यांवरच्या १८ टक्क्यांची बातमी आली तेव्हाही अशीच घबराट झाली. तो कर नोंदणीकृत विक्रेत्यांसाठी आणि त्यांच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर आहे, घरची गाडी विकणाऱ्याला नाही.

तिसऱ्या ढिगात असाल तर मात्र लक्ष द्या. फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची. सोबत शिकवण्या, डिझाइन अशी सेवाही देत असाल तर २० लाख. पण ही मर्यादा राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांची आहे. करपात्र वस्तूचं एकच पार्सल पुण्याहून बंगळुरूला गेलं की तो आंतरराज्य पुरवठा, आणि त्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. नवे विक्रेते सगळ्यात जास्त फसतात ते इथे. उलाढाल दोन लाखही नसते, पण साइटवर ‘भारतभर डिलिव्हरी’चा पर्याय आपोआप चालू असतो.

पैसे गोळा करून देणाऱ्या साइटवरून धंदा करायचा तर पूर्वी सर्वांनाच नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे: उलाढाल मर्यादेत, विक्री एकाच राज्यात, आणि जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन घेतलेला एनरोलमेंट क्रमांक साइटला कळवलेला. अशा विक्रेत्याकडून साइट टीसीएस (विक्रीच्या पैशातून आधीच वसूल केला जाणारा जीएसटी) कापत नाही, पण त्याची विक्री आपल्या जीएसटीआर-८ या विवरणपत्रात सरकारला कळवते.

जुनी पुस्तकं विकणारे यातून बऱ्यापैकी सुटतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची गरज नाही, पार्सल कुठल्याही राज्यात जावो. पुस्तकांसोबत बुकमार्क आणि कॉफीचे मग विकायला लागलात की ‘फक्त’ हा शब्द गेला.

नोंदणी झाली तर जुन्या मालासाठी नियम ३२(५) ची फरकाची पद्धत वापरा. खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसेल आणि वस्तूचं मूळ स्वरूप बदललेलं नसेल, तर कर फक्त विक्री आणि खरेदी किमतीच्या फरकावर. १२,००० ला घेतलेला कॅमेरा करासह १८,००० ला गेला तर फरक ६,०००, आणि १८ टक्के दराने त्यातला कर सुमारे ९१५ रुपये. दुरुस्तीला गेलेले १,५०० या फरकातून वजा होत नाहीत. दुसरा कॅमेरा तोट्यात गेला तर त्याचा फरक शून्य धरायचा, पहिल्याच्या फरकातून तो वळता करता येत नाही.

पायरी ६: वहीत एक ओळ

तिन्ही ढिगांसाठी एकच तक्ता पुरतो. रकाने: विक्रीची तारीख, वस्तू, ढीग, कधी आणि कितीला घेतली, कुठे विकली, विक्री किंमत, कमिशन, कुरिअर, बँकेत जमा, यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक.

सगळ्यात जास्त चुकतो तो ‘विक्री किंमत’ आणि ‘बँकेत जमा’ यांतला फरक. लेन्स २,५०० ला गेली. साइटचं कमिशन २२५, कमिशनवरचा जीएसटी ४०.५०, कुरिअर ९०. बँकेत २,१४४.५० आले. तुमची उलाढाल २,५००. साइट सरकारला कळवते तोही २,५०० च. बँक पासबुकावरून बेरीज मारून रिटर्न भरलं की वर्षाअखेर दोन आकडे जुळत नाहीत, आणि विक्री लपवल्यासारखं दिसतं ते फक्त कमिशनमुळे. परत आलेला माल वेगळ्या ओळीत लिहा, आधीची ओळ खोडू नका.

पहिल्या ढिगासाठी मूळ बिल, नाहीतर निदान वस्तू घरात वापरात असतानाचा तारखेसह फोटो आणि विक्रीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. जुन्या फ्रिजचं बिल कोणाकडेच नसतं आणि त्यासाठी कोणी अडवत नाही. पण एकाच वर्षात घर रिकामं करून तीन-चार लाख खात्यात आले असतील, तर ‘हा पैसा कुठला’ या प्रश्नाला कागद लागतो. उत्तर पटलं नाही तर ती रक्कम अस्पष्ट जमा ठरून स्लॅबपेक्षा कितीतरी चढ्या दराने कर लागतो. धंद्याचे कागद कर आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षं जपा.

पायरी ७: एआयएस उघडून पाहा

रिटर्न भरण्याआधी आयकर पोर्टलवर लॉगिन करून फॉर्म २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उतरवून घ्या. सरकारला तुमच्याबद्दल काय कळलंय ते तिथे दिसतं.

ऑनलाइन विक्रीची नोंद येते ती बहुधा कलम १९४-ओ मधून. पैसे गोळा करून देणारी साइट ढोबळ विक्रीवर ०.१ टक्का टीडीएस कापते. १ ऑक्टोबर २०२४ आधी हा दर १ टक्का होता. वैयक्तिक विक्रेत्याची त्या साइटवरची वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल आणि त्याने पॅन किंवा आधार दिलं असेल तर कपात नाही. पॅन-आधार दिलंच नाही तर ५ टक्के. म्हणून साइटवर खातं उघडताना ‘पॅन नंतर देऊ’ म्हणू नका. जिथे फक्त जाहिरात लागते आणि घेणारा थेट पैसे देतो, तिथे सहसा अशी नोंद दिसत नाही. नोंद नाही म्हणजे कर नाही, असा अर्थ मात्र काढू नका. तिसऱ्या ढिगातली विक्री एआयएसमध्ये असो वा नसो, दाखवायचीच.

उलट पहिल्या ढिगातल्या विक्रीची नोंद आली तर घाबरून ती धंद्यात दाखवायचीही गरज नाही. एआयएसमध्ये त्या ओळीवर प्रतिसाद देता येतो. तिथे ‘उत्पन्न करपात्र नाही’ या अर्थाचा पर्याय निवडा. समजा घरचं सगळं सामान विकून ५,६०,००० झाले आणि ५६० रुपये टीडीएस कापला. ते परत मागायचे तर टीडीएसच्या तक्त्यात ढोबळ रक्कम आणि ती कोणत्या शीर्षकात दाखवली हे लिहावं लागतं. ती कुठेच दाखवलेली नसली की क्रेडिट अडकतं आणि पत्रव्यवहार सुरू होतो. ५६० रुपयांसाठी हा खटाटोप करायचा की सोडून द्यायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमचं मत सोडून देण्याकडे झुकतं.

पायरी ८: फॉर्म निवडा आणि भरा

नोकरदाराने फक्त पहिल्या ढिगातलं विकलं असेल तर नेहमीचा आयटीआर-१ चालतो. दागिना किंवा चित्र विकलं तर आयटीआर-२. धंदा ४४एडी ने दाखवायचा तर आयटीआर-४, प्रत्यक्ष हिशेबाने तर आयटीआर-३. कॅमेऱ्यांचा धंदाही केला आणि आजीचा हारही विकला? मग आयटीआर-४ बाद, कारण त्यात असा भांडवली नफा दाखवायला जागा नाही. आयटीआर-३ च घ्यावा लागेल.

रिटर्न सादर केल्यावर ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करा, आधार ओटीपीने दोन मिनिटांत होते. ती राहिली तर रिटर्न भरलेलंच धरत नाहीत.

नंतर पोर्टलवर किंवा ईमेलवर काही आलंच, तर आधी कलम पाहा. १३९(९) म्हणजे रिटर्न सदोष, बहुतेक वेळा चुकीच्या फॉर्ममुळे. दुरुस्तीला १५ दिवस. १४३(१)(ए) म्हणजे तुमचे आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत, उत्तराला ३० दिवस. उत्तरात सहाव्या पायरीतला तक्ता जोडा आणि प्रत्येक ओळीपुढे ढीग लिहा. मागच्या एखाद्या वर्षाची तिसऱ्या ढिगातली विक्री दाखवायची राहिली असल्याचं आताच लक्षात आलं असेल, तर अद्ययावत रिटर्न कर आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं. त्यात जादा कर द्यावा लागतो आणि तो वर्षागणिक वाढतो, त्यामुळे चार वर्षं मिळालीत म्हणून चौथ्या वर्षाची वाट पाहू नका.